नाटक शिकण्यासाठी शिष्यवृत्ती : अर्जापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

चित्रकलेचा विद्यार्थी मुलाखतीला जाताना काखेत चित्रांची गुंडाळी घेऊन जाऊ शकतो आणि गाण्याचा विद्यार्थी तानपुरा जुळवून परीक्षकांसमोर बसू शकतो. नाटकाच्या विद्यार्थ्याने तीन वर्षे जिवापाड केलेले काम मात्र पडदा पडला की संपलेले असते आणि त्यातला त्याचा वाटा नेमका कोणता होता हे सांगायला दुसऱ्या दिवशी काहीही शिल्लक राहत नाही. नाट्यशिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्या मोजक्या आहेत हे खरे. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज अभिनय कमी पडला म्हणून बाद झालेले नाहीत, केलेल्या कामाचा माग ठेवलेला नव्हता म्हणून बाद झाले आहेत. शिष्यवृत्ती मिळाल्यावर ती हातची जाते तीही बहुधा याच कारणाने. म्हणून विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकणाऱ्या किंवा तेथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अर्जाचा विचार जाहिरात येण्याच्या दोन वर्षे आधीच सुरू करावा.

कोणत्या दारावर जायचे

महाराष्ट्रात नाटक हा विषय विद्यापीठात रीतसर शिकण्याची सोय आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही त्यांतली परिचित नावे होत. येथे शिकणाऱ्याला मिळू शकणारे पैसे दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि या दोन वाटांची गल्लत करू नये.

पहिली वाट शैक्षणिक शिष्यवृत्तीची आहे. ती तुम्ही नाटक शिकता म्हणून मिळत नाही. तुमचा सामाजिक प्रवर्ग, कुटुंबाचे उत्पन्न आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील प्रवेश यांवर ती मिळते. तिचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. उदाहरणार्थ, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये आहे. या वाटेवर स्वगत म्हणून दाखवावे लागत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी सामग्री वेळेत लागते. नाटकातली मुले नेमकी येथेच ढिली पडतात, कारण अर्जाची मुदत आणि एकांकिका स्पर्धांचा हंगाम पुष्कळदा एकाच सुमारास येतो आणि तालमीच्या धामधुमीत दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लावणे कोणाला सुचत नाही. सुटीत गावी गेल्यावर दाखले काढून ठेवावेत, एवढे सांगून हा विषय सोडतो.

दुसरी वाट कलेसाठीच्या शिष्यवृत्तीची आहे आणि या लेखाचा मुख्य रोख तिच्यावर आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, या दिल्लीतील संस्थेमार्फत दिली जाते. वयाची अट 18 ते 25 वर्षे, रक्कम दरमहा 5,000 रुपये, मुदत दोन वर्षे आणि सर्व कलाप्रकार मिळून देशभरात 400 शिष्यवृत्त्या, असे तिचे स्वरूप आहे. शास्त्रीय संगीत, नृत्य, दृश्यकला, लोककला यांच्या बरोबरीने नाटक आणि मूकनाट्य हे विषय तिच्यात येतात. नाटकात अभिनय, दिग्दर्शन आणि रंगमंचाची इतर अंगे चालतात. नाट्यलेखन आणि संशोधन मात्र वगळलेले आहे. केवळ लेखन करणाऱ्याने येथे अर्ज करून वर्ष वाया घालवू नये. अटी, वय मोजण्याची तारीख आणि अर्जाची पद्धत यांसाठी त्या त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. मागच्या वर्षी मित्राने भरलेल्या अर्जाची नक्कल करू नये.

पाच वर्षांचा प्रश्न

या शिष्यवृत्तीतली सर्वांत अवघड अट वयाची नाही. अर्जदाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे आणि तसे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे, ही ती अट आहे. शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही, पुढच्या टप्प्याच्या शिक्षणासाठी आहे, हा त्यामागचा विचार आहे. ही भाषा गुरु-शिष्य परंपरेची आहे आणि ती गायन-नृत्याला जशी चपखल बसते तशी नाटकाला बसत नाही. सातव्या वर्षी तबल्याला बसलेल्या मुलाला ही अट जाचक वाटत नाही. आपल्याकडे नाटकाकडे वळणारा विद्यार्थी मात्र बहुधा महाविद्यालयात गेल्यावर वळतो. बाविसाव्या वर्षी त्याच्याकडे विभागातील दोन वर्षे आणि त्याआधी महाविद्यालयाच्या कलामंडळात केलेल्या चार-पाच एकांकिका एवढेच असते.

म्हणून ही पाच वर्षे जोडून दाखवावी लागतात आणि ती प्रामाणिकपणे जोडता येतात. शाळेत असताना बालनाट्य शिबिर घेणारे शिक्षक, महाविद्यालयात एकांकिका बसवणारे दिग्दर्शक, सुटीत ज्यांच्या कार्यशाळेत शिकलो ते रंगकर्मी आणि सध्याचे विभागातील शिक्षक ही शिक्षणाची साखळी आहे आणि तिच्यातील प्रत्येक दुव्याकडून वेगळे पत्र घ्यावे. पत्रात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काय शिकवले हे स्पष्ट असावे. ‘हा विद्यार्थी गुणी, होतकरू व मनमिळाऊ आहे’ अशा वाक्यांनी भरलेले पत्र समितीला काहीच सांगत नाही. ‘2022 ते 2024 या काळात आवाजाचे व्यायाम, उच्चारण आणि संहितेचे विश्लेषण यांचे शिक्षण आठवड्यातून चार दिवस घेतले’ असे एक वाक्य त्यापेक्षा अधिक वजनाचे असते. आपल्या शिक्षकांना असे पत्र लिहायला सांगण्याचा संकोच वाटत असेल तर तारखा आणि तपशील एका कागदावर लिहून नम्रपणे त्यांच्यापुढे ठेवावेत. बहुतेक शिक्षकांना त्याची मदतच होते. जे शिक्षण झालेच नाही त्याचे प्रमाणपत्र मात्र घेऊ नये. मुलाखतीत पहिल्या तीन प्रश्नांत ते उघडे पडते आणि सही करणाऱ्या माणसाचीही अडचण होते.

पुराव्याची वही

प्रत्येक प्रयोगानंतर आठवड्याच्या आत करायचे एक काम आहे. प्रयोगाची पत्रिका, श्रेयनामावलीत आपले नाव दिसेल असे पान, स्पर्धेचे प्रमाणपत्र, आपण स्पष्ट ओळखू येऊ असे दोन फोटो आणि वर्तमानपत्रात काही छापून आले असल्यास तारखेसह कात्रण, एवढे एका पाकिटात घालून त्यावर नाटकाचे नाव, तारीख, नाट्यगृह आणि आपली जबाबदारी लिहावी. पुरुषोत्तम करंडक, राज्य नाट्य स्पर्धा, विद्यापीठाचा युवक महोत्सव, आंतरविद्यापीठ इंद्रधनुष्य महोत्सव यांतील सहभागाची प्रमाणपत्रे संघाच्या नावावर किंवा व्यक्तीच्या नावावर मिळतात. संघाच्या नावावर असलेल्या प्रमाणपत्रासोबत महाविद्यालयाच्या लेटरहेडवर ‘या संघात अमुक विद्यार्थी अमुक भूमिकेत होता’ असे पत्र त्याच वर्षी घ्यावे, कारण कलामंडळाचे प्राध्यापक बदलले की मागचे कोणाला आठवत नाही.

पडद्यामागे काम करणाऱ्यांनी तर हे दुप्पट काळजीने करावे. प्रकाशयोजना करणाऱ्याने प्रत्येक नाटकाचा लाइट प्लॉट (दिव्यांच्या जागांचा आराखडा) आणि क्यू-शीट (कोणत्या क्षणी प्रकाश कसा बदलायचा याची यादी) जपून ठेवावे. नेपथ्य करणाऱ्याने आराखडा आणि उभ्या सेटचा फोटो शेजारी शेजारी ठेवावा. वेशभूषा करणाऱ्याने कापडाचे नमुने आणि रेखाटने ठेवावीत. माझे मत विचाराल तर नटापेक्षा तंत्रज्ञाचा अर्ज अधिक भक्कम होऊ शकतो, कारण त्याच्याकडे कागदावर उरणारे काही असते. आपल्याकडची मुले तरीही आधी नट म्हणूनच अर्ज करतात आणि आपण केलेली उत्तम प्रकाशयोजना ‘इतर उपक्रम’ या रकान्यात एका ओळीत उरकतात, हे पाहून दरवेळी हळहळ वाटते.

दृकश्राव्य ध्वनिचित्रण द्यायचे असल्यास प्रयोगाच्या मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेला दीड तासाचा भाग देऊ नये. रिकाम्या खोलीत, साध्या भिंतीपुढे, दिवसाच्या उजेडात केलेले तीन-चार मिनिटांचे चित्रण अधिक उपयोगी पडते. त्यात चेहरा, हात आणि आवाज तिन्ही स्वच्छ पोहोचले पाहिजेत.

सादरीकरण आणि मुलाखत

तज्ज्ञ समितीपुढे वेळ थोडा असतो. तेवढ्यात दाखवण्यासाठी परस्परांहून वेगळे दोन नाट्यप्रवेश तयार असावेत : एक बोलीतला किंवा आजच्या गद्यातला, आणि दुसरा पद्याच्या, संस्कृत नाटकाच्या भाषांतराच्या किंवा लोकनाट्याच्या अंगाने जाणारा. प्रत्येक प्रवेश दोन ते तीन मिनिटांत संपावा आणि त्याच्या पहिल्या चार वाक्यांतच पात्राला काय हवे आहे ते कळावे, कारण मध्येच थांबवले जाण्याची शक्यता असते आणि थांबवले म्हणजे नापास झालो असा त्याचा अर्थ नसतो. वृद्ध नटाचे सर्वांच्या तोंडी असलेले ते गाजलेले स्वगत शक्यतो टाळावे. बाविसाव्या वर्षी ते म्हणताना मुलगा बहुधा एखाद्या मोठ्या नटाची नक्कल करत असतो आणि समितीने ती नक्कल शंभरदा ऐकलेली असते. आपल्या वयाचे, आपल्या भागातले, आपल्या जिभेला सवय असलेले पात्र निवडावे. समितीत मराठी न जाणणारे तज्ज्ञ असू शकतात, म्हणून दोन्हींतला एक प्रवेश हिंदीतही तयार ठेवावा, पण मराठी उतारा लाजून सोडून देऊ नये.

प्रश्नोत्तरात सहसा तीन गोष्टी तपासल्या जातात. नाट्यशास्त्राचे मूलभूत ज्ञान ही पहिली : आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) हे अभिनयाचे चार प्रकार केवळ पाठ असून चालत नाही, आत्ताच सादर केलेल्या उताऱ्यात सात्त्विक अभिनय कोठे होता हे सांगता आले पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्याच रंगभूमीची माहिती. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत केलेल्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा प्रवास मोजला जातो आणि 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच घटनेच्या स्मरणार्थ पाळला जातो, एवढेही सांगता न येणारा विद्यार्थी परदेशी अभिनयपद्धतींची नावे मात्र घडाघडा म्हणतो तेव्हा समितीचे चेहरे पाहण्यासारखे होतात. तिसरा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत फसवा असतो : या दोन वर्षांत तुम्ही नेमके काय शिकणार? ‘अभिनय अधिक चांगला करायचा आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. ‘आवाजाची वरची पट्टी फाटते, तिच्यावर पहिले वर्ष काम करीन, दशावतारातील पदन्यास एका मंडळाबरोबर राहून शिकेन’ असे उत्तर देणाऱ्याला पुढचे प्रश्नही चांगले विचारले जातात. अर्जात प्रशिक्षणाची योजना लिहिताना हेच तपशील असावेत, म्हणजे अर्ज आणि तोंड दोन्ही एकच बोलतील.

दुसरी एखादी शिष्यवृत्ती मिळत असल्यास ती अर्जात स्पष्ट लिहावी आणि दोन्ही एकत्र घेता येतील का हे संस्थेला आधी लेखी विचारावे. लपवलेली गोष्ट बँक खात्यात दिसतेच.

पैसे हातात पडेपर्यंत

निवड झाल्याचे पत्र आले की विद्यार्थी दरमहा 5,000 रुपये गृहीत धरून खोली बदलतो. असे करू नये. रक्कम महिन्याला न येता सहामाही हप्त्यांनी येते, म्हणजे दोन वर्षांचे 1,20,000 रुपये प्रत्येकी 30,000 रुपयांच्या चार हप्त्यांत मिळतात, आणि पुढचा हप्ता मागच्या सहामाहीच्या प्रगती अहवालाशी बांधलेला असतो. हे पैसे प्रवास, पुस्तके, साहित्य, शिक्षणाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च यांसाठी आहेत. पुण्यात किंवा मुंबईत तेवढ्यात संपूर्ण गुजराण होणार नाही. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना किंवा सकाळची एखादी शिकवणी यांचा आधार ठेवावा आणि पहिल्या हप्त्यातील तिसरा भाग तरी न खर्चता बाजूला काढावा, कारण दोन हप्त्यांमधले अंतर कागदावर सहा महिने असले तरी प्रत्यक्षात ते लांबू शकते.

तीन तास : नटाचा रियाज कोणता?

शिष्यवृत्तीधारकाने रोज किमान तीन तास सराव करावा अशी अपेक्षा योजनेत आहे आणि येथेच नाटकाचा विद्यार्थी खरा अडखळतो. गायकाला रियाज म्हणजे काय हे विचारावे लागत नाही. नटाला मात्र ‘तालमीला जातो की’ असे उत्तर सुचते. तालीम म्हणजे रियाज नव्हे. तालमीत दिग्दर्शकाच्या गरजा पुऱ्या केल्या जातात, आपल्या उणिवा तशाच राहतात. शिवाय चार तासांच्या तालमीत आपल्या वाट्याचे प्रत्यक्ष काम पुष्कळदा वीस मिनिटांचे असते आणि उरलेला वेळ चहा, गप्पा आणि दुसऱ्याचा प्रवेश पाहण्यात जातो. तो वेळ वाया जातो असे माझे म्हणणे नाही, पण अहवालात तो सराव म्हणून लिहिता येत नाही.

तीन तासांची विभागणी ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे करावी. एक जमणारी रीत अशी : पहाटेचा पहिला तास शरीर आणि श्वास यांना द्यावा, सूर्यनमस्कार, पाठीचा कणा मोकळा करणारे व्यायाम, मग खालच्या षड्जावर लांब श्वासाने स्वर धरणे. दुसरा तास वाचेसाठी असावा. मराठीतले दोन ‘च’, दोन ‘ज’ आणि दोन ‘झ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे उच्चार ज्याच्या तोंडी पक्के नाहीत त्याने रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करावे. ओवी वाचावी, श्लोक वाचावा आणि वर्तमानपत्रातील अग्रलेखातले एखादे लांबलचक वाक्य अर्थ न तुटता एका श्वासात वाचावे; ओवी आणि अग्रलेख यांचा श्वास किती वेगळा आहे हे आठवड्याभरात आपोआप समजते. बोलीचा सरावही याच तासात करावा. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलायची म्हणजे मूळ वाक्याला दोन शब्द चिकटवायचे नव्हेत, त्या बोलीची चाल कानात बसली पाहिजे आणि त्यासाठी ती बोलणाऱ्या माणसाजवळ बसून ऐकणे भाग आहे.

तिसरा तास संहितेचा आणि निरीक्षणाचा आहे. एका महिन्याला एक भूमिका घ्यावी, मग ती कोणी आपल्याला दिलेली असो वा नसो. तिची वाक्ये पाठ करावीत, प्रत्येक प्रवेशात तिला कोणाकडून काय हवे आहे ते लिहावे आणि महिनाअखेर ती एखाद्या शिक्षकापुढे करून दाखवावी. आठवड्यातून दोनदा एसटी स्टँड, मंडई, दवाखान्याचा बाकडा किंवा तहसील कचेरीची खिडकी अशा ठिकाणी अर्धा तास नुसते बसून एकाच माणसाच्या चालण्याबोलण्याची टिपणे घ्यावीत. मागे सांगितलेली उत्पन्नाच्या दाखल्याची रांग अशा वेळी दुहेरी उपयोगाची ठरते.

रोज झोपण्यापूर्वी त्या दिवशी काय केले याच्या चार ओळी तारखेसह वहीत लिहाव्यात. सहा महिन्यांनी अहवाल लिहायची वेळ येते तेव्हा ही वही नसलेला विद्यार्थी दोन रात्री बसून आठवणीतून कादंबरी लिहितो आणि गुरूंना सहीसाठी गाठतो. वही असलेला एका दुपारी अहवाल पुरा करतो. अहवालात केलेल्या भूमिका, वाचलेली नाटके, पाहिलेले प्रयोग, शिकलेले तंत्र आणि जे जमले नाही तेही लिहावे. सहा महिन्यांत सगळेच जमले असे सांगणारा अहवाल कोणत्याही जाणत्या माणसाला खोटा वाटतो. गुरू बदलायचा असेल, शहर सोडायचे असेल किंवा आजारपणामुळे खंड पडणार असेल तर आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी; परवानगीवाचून केलेला बदल शिष्यवृत्ती थांबवण्याचे कारण ठरू शकतो.

मालिकेचा फोन

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, विद्यार्थी थोडा तयार झाला की मालिकेचा फोन येतो. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस, दिवसाचे बारा तास, आणि शिष्यवृत्तीच्या कित्येक पट पैसे. घरी आई-वडिलांना मुलगा पडद्यावर दिसणार याचा आनंद असतो आणि ज्या घरात महिनाअखेर ओढाताण होते तेथे हा निर्णय आपण बाहेरच्यांनी सोपा म्हणू नये. मालिका करणे यात कमीपणा मुळीच नाही. पण दोन्ही चालवू असे मनाशी ठरवणाऱ्यांपैकी दोन्ही चालवलेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. आधी तीन तासांचा सराव जातो, मग विभागातील हजेरी, मग अहवाल उशिरा जातो आणि शेवटी शिष्यवृत्ती थांबवल्याचे पत्र येते. मालिका घ्यायचीच असेल तर करार करण्याआधी विभागप्रमुखांशी आणि गुरूंशी बोलावे, आणि वेळ पडल्यास शिष्यवृत्ती सन्मानाने परत करावी. लहान भूमिका, दोन-तीन दिवसांचे चित्रीकरण, सुटीतला चित्रपट असे काही असेल तर प्रश्न येत नाही. त्याची नोंद उलट अहवालात करावी.

महाडीबीटीवरच्या शैक्षणिक शिष्यवृत्तीत हाच पेच हजेरीच्या रूपाने येतो. तेथे 75 टक्के उपस्थिती पाहिली जाते आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या वतीने बाहेरगावी गेलेले दिवस उपस्थितीत धरले जावेत म्हणून निघण्यापूर्वीच विभागाचे पत्र घ्यावे. लेखी परीक्षेकडे दुर्लक्ष करण्याची नाटकवाल्यांची जुनी खोड येथे महागात पडते. नाट्यशास्त्राच्या एका पेपरात राहिल्याने पुढच्या वर्षीचा हप्ता अडकलेला विद्यार्थी मी पाहिला आहे, आणि त्या वर्षी तो विभागातला सर्वांत चांगला नट होता.

शेवटच्या सहामाहीत

चौथा हप्ता येण्यापूर्वी पुढची सोय पाहावी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. तेथे पदवी, 18 ते 30 वर्षे वय आणि किमान सहा नाट्यनिर्मितींतील सहभागाचा अनुभव लागतो; आधी प्राथमिक चाचणी आणि मग दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा अशी निवडीची रीत आहे. ती सहा नाटके सिद्ध करण्यासाठी वर सांगितलेली पाकिटेच कामाला येतात. ज्याला पुन्हा विद्यार्थी व्हायचे नाही त्याच्यासाठी संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे : वय 25 ते 40, दरमहा 10,000 रुपये, मुदत दोन वर्षे. ती मात्र प्रशिक्षणासाठी नाही, ठरवलेल्या विषयावरच्या प्रकल्पासाठी आहे, आणि तिच्या प्रस्तावाचे बीज शोधायचे असेल तर दोन वर्षांच्या रोजच्या चार ओळींची ती वही पहिल्या पानापासून वाचायला घ्यावी.